फीड अर्ध्यावर आणलं तरी आरए तिथेच का अडतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेथवरच्या कामाबद्दल लिहिलेल्या 'अ‍ॅल्युमिनियमच्या फिनिशिंगला फीड ०.०८ च्या खाली नेऊ नका' या माझ्या वाक्याने ऑपरेटरची दिशाभूल होते, असं तुमचं म्हणणं. (फीड म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात हत्यार जितके मिलिमीटर सरकतं ते.) आरए, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, फीडच्या वर्गावर ठरतो आणि तुमच्या ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबवर फीड ०.१ चं ०.०५ केल्यावर तो ०.९ वरून ०.७ मायक्रॉनवर आला, हा तुमचा पुरावा. शिवाय स्पीड वाढवणं म्हणजे इन्सर्ट (हत्याराच्या टोकाला बसवलेला, कापणारा बदलता तुकडा) जाळणं, असंही तुम्ही लिहिलंय.

तुमचेच आकडे घेऊ. सूत्र असं: फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (इन्सर्टच्या टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येची) ३२ पट. ०.८ च्या नोजला ०.१ फीडवर ०.३९ मायक्रॉन येतात, ०.०५ वर ०.१. म्हणजे आरए चौपट कमी व्हायला हवा होता. तुमचा पाव हिस्साही उतरला नाही, आणि पासला वेळ मात्र दुप्पट लागला. ढोबळ वजाबाकी केली तर सूत्राबाहेरचा खडबडीतपणा आधी ०.५ होता, तो आता ०.६ झाला. फीड कमी करून तुम्ही जे घटवलंत, तो मुळात लहान हिस्सा होता.

सूत्र चुकीचं नाही. नोजच्या गोलाईने उमटणाऱ्या रेघांपुरतंच ते बोलतं, आणि धार सुरीसारखी तीक्ष्ण आहे असं गृहीत धरतं. स्टीलसाठीच्या कोटेड इन्सर्टची धार मुद्दाम थोडी गोल केलेली असते, साधारण ३० ते ५० मायक्रॉन. आता फिनिशिंगचा डेप्थ ०.१, नोज ०.८ आणि फीड ०.०५ धरा. चिपची जाडी सगळ्यात जास्त असते तिथेही ती जेमतेम २४ मायक्रॉन भरते, आणि तयार पृष्ठभागाकडे येताना शून्यावर जाते. धारेच्या गोलाईपेक्षा चिपच पातळ! अशा वेळी धातू धड कापला जात नाही, बराचसा दाबला आणि घासला जातो. मऊ अ‍ॅल्युमिनियम मग कडेला फुगतं आणि धारेला चिकटतं.

०.०८ हा काही शिलालेख नव्हे. अ‍ॅल्युमिनियमसाठीचा पॉलिश केलेला, अनकोटेड, पॉझिटिव्ह रेकचा इन्सर्ट लावलात तर ०.०५ लाही कापतो. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचं कोटिंग मात्र इथे नको, त्याला अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. वायपर इन्सर्ट (टोकाला सपाट धार असलेला) असेल तर हे सूत्रच लागू नाही.

स्पीडचं बघायला मीटरही लागत नाही. फेसिंग केलेला जॉब प्रकाशात तिरका धरा. बाहेरचा पट्टा चकचकीत आणि मध्याकडे पांढुरका, ओरबाडल्यासारखा दिसला, तर आधी बिल्ट-अप एजवर, म्हणजे धारेवर चिकटून साचणाऱ्या धातूच्या थरावर, संशय घ्या. जी९६ मध्ये (कापण्याचा स्पीड कायम ठेवणाऱ्या मोडमध्ये) मिनिटाला ४०० मीटर दिलेत आणि आरपीएमची मर्यादा ३००० ठेवलीत, तर साधारण ४२ मिलिमीटर व्यासाच्या आत स्पीड घसरू लागतो. १० मिलिमीटरवर तो ९५ च्याही खाली जातो. तिथे धारेवर थर चढतो, तुटतो आणि त्याचे तुकडे जॉबवर लिंपले जातात. मर्यादा वाढवा (चक आणि जॉब पकडण्याची पद्धत परवानगी देत असेल तरच), कूलंटची तीव्रता ८ ते १० टक्क्यांवर आणा, रिफ्रॅक्टोमीटरने तपासून.

इन्सर्ट जळण्याची भीती टायटॅनियमला शंभर टक्के खरी. टीआय-६एएल-४व्ही उष्णता वाहून नेतं मीटर-केल्विनला ७ वॅटच्या आसपास, ६०६१ साधारण १६७. त्यामुळे तिथे कार्बाइडला ५०-६० मीटरवर थांबणंच शहाणपणाचं. १६-१८ टक्के सिलिकॉनच्या ए३९० मध्येही कार्बाइड भराभर झिजतं, तिथे पीसीडी (कृत्रिम हिऱ्याची धार) घ्या. पण ६०६१ ला ४०० मीटर म्हणजे काहीच नाही.

मॅग्नेशियमला मात्र 'फीड कमी करा' हा सल्ला कुणीच कुणाला देऊ नये. घासणारी बोथट धार आणि बारीक, पातळ चिप एकत्र आल्या की आग लागू शकते. पाणी मारलं तर ती आणखी भडकते; कोरडी वाळू किंवा क्लास डीचं अग्निशामक हाताशीच हवं.

आता तुमच्या ०.७ बद्दल. आरझेड, म्हणजे शिखर ते दरी अशी उंची, तुम्ही दिलेला नाही. रेघा स्वच्छ असतील तर आरझेड आरएच्या साधारण चौपट येतो. आठ-दहा पट आला तर पृष्ठभाग फाटलाय, आणि फीड आणखी कमी करून ते भरून निघणार नाही. मोजताना स्टायलस रेघांना आडवा, म्हणजे टर्निंग केलेल्या जॉबवर अक्षाच्या दिशेने चालवा; कटऑफ (एका टप्प्याची लांबी) ०.८, एकूण लांबी ४ मिलिमीटर. प्रोफाइलची प्रिंट निघत असेल तर शिखरांमधलं अंतर मोजा. ते फीडइतकं नसेल, तर त्या रेघा नोजच्या नाहीतच. इन्सर्टचा ग्रेड, व्यास आणि आरपीएम यांच्यासोबत आरझेड आणि हे अंतर कळवलेत तर पुढे नेमकं बोलता येईल.