निकाली काढलं म्हणे!

आयला, डोकंच फिरलंय सकाळपासनं. मोबाईल वाजला म्हणून बघतो तर मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खिडकीतनं खाली वाकून बघितलं. ड्रेनेजचं चेंबर उघडंच, घाण पाणी वाहतंय, आणि कुणी पडू नये म्हणून शेजारच्या काकूंनी रोवलेली बाभळीची फांदीही जागच्या जागी. मग निकाली काढलं ते कुणाला? मला?

आम्हा सांगलीकरांना पाणी नवं नाही. 2005, 2019, 2021, कृष्णामाईनं दाखवलंय सगळं. पण ती निदान आयर्विन पुलावर फुटांत मोजता तरी येते. ह्या गटाराचं काय मोजायचं?

लोकशाही दिनाला जा म्हणाले, तिथं साहेब स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात. महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज 15 दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत. चेंबरला कुठं माहीत असतंय तारीख बघून फुटायचं! तरी गेलो, कामावर खाडा करून. साहेबांनी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू, अगदी मान डोलावत. फोटो निघाला. मग अर्जावर शेरा पडला, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी', आणि कागद गेला कुणाकडं? ज्या टेबलानं चार महिने दाद दिली नाही त्याच टेबलाकडं! चोरालाच पंच नेमल्यावर तो काय लिहिणार? 'स्थळपाहणी केली, काम प्रस्तावित आहे.' झाला निकाल. ऑनलाइन तक्रारीला 21 दिवसांची मुदत म्हणे. मुदत भरत आली की तक्रार मिटते, चेंबर नाही.

आणि स्थळपाहणी केली कधी ओ? आमची आई दिवसभर दारात बसून असते. मीटर बघायला कोण कधी आलं ते ती वारानिशी सांगते. तिला तर चिटपाखरू दिसलं नाही.

2023 ला 'शासन आपल्या दारी' म्हणत केवढाले मांडव घातले. अहो, चेंबर माझ्या दारातच हाय की! मांडवात कशाला बोलावता?

शेवटी आज पुन्हा कचेरीत गेलो. खिडकीतल्या पोरानं मान वर न करताच सांगितलं, "काका, तुमचं सिस्टीमला क्लोज झालंय. आता नवा अर्ज करावा लागंल. पण पुढच्या सोमवारचं जमायचं नाही, 15 दिवस भरत नाहीत."