वडगावच्या सरांना उत्तर: कौलारू घर, मागाचा खटखटाट आणि डॉल्बी

सर, नमस्कार.

होम थिएटरवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आपले कान आधीच किटलेत, बेळगावच्या आपल्या वडगावात दिवसभर यंत्रमागांचा खटखटाट असतो, आणि त्यात हा माणूस घरात नऊ-दहा स्पीकर लावायला सांगतोय. दहा बाय बाराच्या कौलारू खोलीत ते टांगायचे कुठं? सिनेमा गोष्टीसाठी बघतात, आवाज डोक्यावरून फिरावा म्हणून नाही. शेवटी ‘पैसेवाल्यांचे चोचले’ असंही तुम्ही म्हटलंय. यातलं काही मला मान्य आहे, काही अजिबात नाही. दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कौलांचं आधी, कारण तिथं चूक माझी आहे. छतात भोकं पाडायची नसतील तर वर तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर घ्या, तो आवाज छताला आपटून वरून आल्यासारखा ऐकू येतो, असं मी लिहिलं होतं. स्लॅबच्या घरात ते खरं आहे. अशा स्पीकरसाठी छत सपाट आणि कडक हवं, उंची साधारण साडेसात ते बारा फूट असावी, असं डॉल्बीच्याच मार्गदर्शनात आहे. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत आणि खानापूरकडच्या गावांत छप्पर उतरतं, वर मंगळुरी कौलं, खाली वासे आणि रिपा. तिथं आपटलेला आवाज उतारानं भलतीकडंच जातो, थोडा फटींतून बाहेर जातो. पैसे वाया. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर टिळकवाडीतले फ्लॅट होते, आपल्या गल्लीतली घरं नव्हती. तो परिच्छेद मी दुरुस्त केला आहे.

आता ‘डॉल्बी’ या शब्दाविषयी. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात डॉल्बी म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सांची भिंत आठवते. खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसतात. तो त्रास मला तुमच्याइतकाच होतो. पण हे ज्यांचं आडनाव आहे त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. जुन्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एनआर’ असं बटण असायचं, तुम्हाला आठवत असेल. ते दाबलं की गाण्यामागचा ‘स्स्स’ दबायचा. माझ्या वडिलांनी कुमार गंधर्वांच्या कॅसेट जपून ठेवल्यात, आपल्या सुळेभावीत जन्मलेला गवई म्हणून. कुमारांच्या गाण्यात दोन स्वरांमधला विराम फार मोलाचा. त्यात टेपची खरखर शिरली की सगळं बिघडतं. असा विराम स्वच्छ राहावा म्हणून धडपडलेल्या माणसाचं नाव आपण कानठळ्यांना दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच कंपनीची ॲटमॉस ही आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकवणारी पद्धत २०१२ साली थिएटरांत आली आणि २०१४ पासून घरगुती उपकरणांत. आधीच्या ५.१ पद्धतीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जाणार हे ध्वनिमुद्रणातच ठरलेलं असायचं. ॲटमॉसमध्ये आवाजाबरोबर त्याच्या जागेची नोंदही जाते: हे हेलिकॉप्टर आता डावीकडं, वर, मागं सरकतंय. तुमच्या घरात पाच स्पीकर आहेत की अकरा, ते पाहून रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र, ती जागा जुळवून घेतो. एकादशीला गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसा आणि डोळे मिटा. पखवाज पुढ्यात, टाळकरी दोन्ही अंगांना, मागून कोणीतरी उशिरा येऊन सूर धरतोय, हे न बघता कळतं. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात नंतर; हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. त्यासाठी भजन मोठ्यानं म्हणावं लागत नाही. घरातली ही यंत्रणासुद्धा हळू आवाजात जास्त चांगली कळते, असा माझा अनुभव आहे.

चोचल्यांविषयी मात्र मला घरातलं सांगावं लागेल. माझे वडील बत्तीस वर्षं यंत्रमागावर होते. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, हे वडगावात राहणाऱ्याला मी सांगायला नको. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ला चार तास, ९१ला दोन. अशा गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसाचं ऐकणं सगळ्या पट्ट्यांत सारखं कमी होत नाही. आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज. आपल्या बोलण्यातले स, श, त, थ ओळखू येतात ते याच वरच्या पट्टीमुळं. म्हणून माणसाला बोलण्याचा आवाज येतो आणि शब्द निसटतात.

वडील टीव्हीसमोर बसले की म्हणायचे, “आवाज येतोय खरं बोललेलं कळंना की.” मग आवाज वाढवायचा. त्याबरोबर पार्श्वसंगीतही वाढायचं, मारामारीही वाढायची, आई वैतागायची, आणि वडील उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. गोष्टीसाठी सिनेमा बघणारा माणूस गोष्ट कळेना म्हणून उठून जात होता, सर. मी या सगळ्याच्या मागं लागलो ते त्यामुळं.

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून बसवलेले असतात. शिवाय ५.१ ट्रॅकमध्ये संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळं तो चॅनेल डाव्या-उजव्यात संगीतासकट कालवला जातो. स्वतंत्र सेंटर स्पीकर टीव्हीखाली ठेवून त्याचं तोंड किंचित वर, कानांच्या रोखानं केलं की संवाद त्यातून बाहेर येतो. मी रिसीव्हरमध्ये तेवढा एक स्पीकर ३ डेसिबलनं वाढवला आणि नाईट मोड लावला. त्यात दबके आवाज वर येतात, धडाके खाली जातात. एकूण आवाज आता आधीपेक्षा कमी असतो आणि वडील सिनेमा शेवटपर्यंत बघतात. कन्नड सिनेमेसुद्धा. कन्नड त्यांनी मागावरच्या सोबत्यांकडून कानानंच उचललेली, शब्द नीट ऐकू आला तरच कळणारी. संच जुना, दुसऱ्याचा वापरलेला आहे. सगळं मिळून एका बऱ्या मोबाइलएवढा खर्च आला. याला चोचले म्हणू नका, एवढीच विनंती.

तुमच्या खोलीत मी काय करीन ते सांगतो. नऊ-दहा स्पीकर विसरा. पुढं तीन ठेवा: डावा, उजवा, मधला. डाव्या-उजव्यातलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर सारखं असावं. तुम्ही आठ फुटांवर बसत असाल तर त्यांच्यातही आठ फूट. आणखी दोन बाजूच्या भिंतींवर, कानांच्या थोडे मागं आणि थोडे वर. दिवाण मागच्या भिंतीला चिकटवलेला असेल तर दीड-दोन फूट पुढं ओढा. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीपाशी साचतो आणि सगळं घुमायला लागतं. फरशीवर सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. घरची जाड वाकळ बाजारातल्या पातळ फोमच्या चौकोनांपेक्षा चांगलं काम करते. खर्जाला मात्र ती पुरत नाही. रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपनं मोजून द्या. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, त्या हिशेबानं रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थोडं थांबवतो आणि सगळे आवाज तुमच्यापर्यंत एकत्र पोचतात. लोक हीच पायरी गाळतात.

वरचा आवाज पुढं कधी हवासा वाटला तर दोन छोटे स्पीकर टीव्हीच्याच भिंतीवर, वाशांच्या खाली, तुमच्याकडं कलते लावा. रिसीव्हरमध्ये त्यांना ‘फ्रंट हाइट’ म्हणून नोंदवता येतं. कौलांना हात लावायची गरज नाही. पावसाळ्यात मी ते बंदच ठेवीन. कौलांवर खरी सर कोसळत असताना त्यांचे बारीक आवाज बुडून जातात.

टीव्ही बदलू नका. एचडीएमआयच्या ज्या खोबणीपाशी एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय तिथून ओटीटीचं ॲटमॉस रिसीव्हरपर्यंत जाऊ शकतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू आहे का तेवढं पाहा. ऑप्टिकल वायरीतून मात्र ते येत नाही. आणि एकाच सिनेमाच्या मूळ भाषेला ॲटमॉस, डब केलेल्या भाषेला साधा स्टीरिओ, असंही असतं. भाषा बदलल्यावर आवाज एकदम सपाट वाटला तर यंत्राला दोष देऊ नका.

सबवूफरबद्दल, म्हणजे फक्त खर्जासाठी असलेल्या मोठ्या स्पीकरबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथंच आहे. आपल्या गल्लीत दोन घरांत एक भिंत. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर भरते. ती वाकळीला जुमानत नाही आणि विटांच्या भिंतीलाही फारशी नाही. तुम्हाला गोड वाटणारा खर्ज शेजाऱ्याच्या पाळण्यातल्या पोराला उठवतो. म्हणून सबवूफर सामाईक भिंतीपासून लांब ठेवायचा आणि रात्री दहाला बंद करायचा. माझ्या घरी हा नियम आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीला हा नियम दाखवायचा तर घरात तो आपण आधी पाळायला हवा. इथं तुमच्या-माझ्यात काही वाद नाही.

मला तीन मापं कळवाल का? टीव्हीच्या भिंतीची रुंदी, दिवाणापासून टीव्हीपर्यंतचं अंतर, आणि त्या भिंतीवर जमिनीपासून वाशापर्यंतची उंची. आराखडा कागदावर काढून देतो. त्याआधी एखाद्या रविवारी दुपारी शहापूरला या. वडील घरीच असतात. सिनेमा तुम्ही निवडा, आणि आवाज किती ठेवायचा तेही तुम्हीच सांगा.