तारांखालची मोजणी

काही वर्षं मी पवनचक्क्यांखाली आणि उच्चदाबाच्या तारांखाली मेलेले पक्षी मोजण्याचं काम केलं. ठरलेल्या पट्ट्यात भल्या सकाळी चालायचं आणि पिसं, पंख, हाडं, जे दिसेल ते नोंदवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याआधी एक चाचणी घ्यावी लागते. आपणच काही मेलेले पक्षी गवतात ठेवून यायचे आणि रोज जाऊन पाहायचं की किती उरलेत. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा एका जागी चार पिसं दवानं मातीला चिकटलेली होती. दुसऱ्या जागी तेवढंही नव्हतं. रात्रीतून कोल्ह्यानं नेलं असेल किंवा पहाटे कावळ्यांनी.

म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा फेरी मारणाऱ्याला जे सापडतं, ते मेलेल्यांपैकी थोडंच असतं. त्यासाठी हिशेबात दुरुस्ती करायची रीत आहे. चाचणीवरून अंदाज बांधायचा आणि खरा आकडा त्या अंदाजानं काढायचा. एका प्रकल्पात मी दोन्ही आकडे लिहून दिले. छापील अहवालात फक्त पहिला आला, 'सापडलेले'. शीर्षक मात्र होतं 'पक्ष्यांचे मृत्यू'. ते पान पाहिलं त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, 'बघा, पवनऊर्जा वाईटच.' मी तसं म्हणत नाही. कोळशासाठी अख्खी जंगलं खणली गेली. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातून तेल सांडलं, त्यात अडीच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मेले असावेत असा अंदाज आहे. तापणाऱ्या हवामानाचा फटका बसतो तो वेगळाच. वारा आणि ऊन यांची वीज हवीच आहे, म्हणून तर ती नीट उभी राहावी असं पोटतिडकीनं वाटतं.

जैवविविधतेच्या व्यवस्थापनाचा एक क्रम या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, झालेलं भरून काढा, आणि अगदीच उरलं तर दुसरीकडे भरपाई करा. कागदावर हाच क्रम असतो. प्रत्यक्षात आमच्यासारख्यांना बोलावणं येतं तेव्हा जमीन घेतलेली असते, रस्ता पडलेला असतो, टॉवरच्या जागांवर खुणा झालेल्या असतात. टाळण्याची पायरी केव्हाच मागे पडलेली असते. मग उरतं काय, तर वृक्षारोपण. तेही कुठे? गवताळ माळावर, जिथे झाड नसणं हीच तिथल्या पक्ष्यांची गरज असते! नकाशात 'पडीक' लिहिलं की जमीन रिकामी झाली, हा समज कुणी कधी तपासूनच पाहत नाही.

जागा चुकली की पुढे काय होतं ते कॅलिफोर्नियाच्या अल्टामाँट खिंडीत दिसलं. १९८०च्या दशकात तिथे हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याच टेकड्यांवर जमिनीत बिळं करणाऱ्या खारींची रेलचेल होती, आणि म्हणून सोनेरी गरुडांचीही. गरुड शिकारीसाठी खाली बघत येतो आणि फिरत्या पात्यात सापडतो. पुढे तिथे जुनी यंत्रं काढून थोडी, मोठी यंत्रं बसवायला लागले, पण तोवर कित्येक वर्षं गेली होती.

माळढोकाचं दुखणं त्याहून बिकट. निसर्गात उरलेत ते दीडशेपेक्षा कमी, बहुतेक राजस्थानात. हा पक्षी जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं आजूबाजूचं छान दिसतं, समोरचं मात्र फार अरुंद. त्यातही उडताना मान जरा खाली झुकली की समोरची तार नजरेतच येत नाही. अशा पक्ष्याच्या वाटेत तारा टाकायच्या आणि वर 'तारा पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून आम्ही त्यांवर चकत्या लावल्या' म्हणायचं! चकत्यांचा काही उपयोग होतो, नाही असं नाही. पण मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. अशा पक्ष्याच्या बाबतीत 'काही उपयोग' पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली घालायला सांगितलं होतं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. वीजवाहिनी आखतानाच माळढोकाचा पट्टा सोडला असता तर न्यायालयापर्यंत जायची वेळच आली नसती.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की उपाय ठाऊक आहेत आणि पुष्कळदा स्वस्तही आहेत. वटवाघळं मरतात ती मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्री. पेनसिल्व्हेनियात २००८ आणि २००९ साली एक प्रयोग झाला: उन्हाळ्याच्या अखेरीस, रात्री, वारा मंद असताना पाती थांबवून ठेवायची. मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. वर्षभराच्या विजेतली घट एक टक्क्याहूनही कमी. नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांच्या तीन पात्यांपैकी एक पातं काळं रंगवलं, आणि तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. चारच यंत्रं होती, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा, पण रंगाच्या डब्याला खर्च तो किती!

जर्मनीनं तर आधी नियम केला: समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये, कारण डॉल्फिनचे नातलग असलेले पॉरपॉइज त्या आवाजानं मैलोन्‌मैल पळतात. नियम आला तेव्हा तो पाळायचं तंत्र धड तयार नव्हतं. मग कंपन्यांनी खांबाभोवती समुद्रतळावर भोकांची नळी गोल अंथरली, तिच्यातून हवा सोडली, आणि बुडबुड्यांच्या त्या पडद्यानं आवाज अडवला. नियम पक्का असला की अभियंत्यांना सुचतं, हे मी स्वतःही पाहिलंय.

पाण्यातली वीज 'हिरवी' म्हणतात, तिथेही तेच. चीनमधल्या यांगत्से नदीवर १९८१ साली गेझोउबा इथे धरणानं पाणी अडवलं, माशांना वर जायला वाट ठेवली नाही. तलवारीसारख्या लांब नाकाडाचा चिनी पॅडलफिश अंडी घालायला वर जायचा. २००३ नंतर तो कुणाला दिसला नाही, २०२२ मध्ये नामशेष जाहीर झाला. उलट अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली, आणि काही आठवड्यांतच सॅमन मासे ओरेगनमधल्या वरच्या प्रवाहात पोहोचले. १९१२ नंतर पहिल्यांदा.

तुमच्यापैकी कुणी अशा प्रकल्पांत काम करत असेल, अभियंता, हिशेबनीस, जमिनीचे कागद बघणारा, तर एवढंच करा. पुढच्या बैठकीत विचारा की पक्षी-वटवाघळांचं वर्षभराचं सर्वेक्षण जागा ठरण्याआधी झालंय की नंतर. आणि मोजणीचे दोन्ही आकडे, सापडलेले आणि दुरुस्त केलेले, अहवालात छापून घ्या.