किल्ल्याचा शब्द

"यंदा दिवाळीला आपण किल्ला करू हं!" हे वाक्य बहुधा जून महिन्यात, पोराला वह्यांना कव्हरं घालायला बसवण्यासाठी बोललं जातं. जूनमध्ये दिवाळी फार लांब असते आणि किल्ला फुकट असतो. आईबाप ते विसरून जातात. पोरगं विसरत नाही. तेराचा पाढा विसरणारं, डबा शाळेत विसरणारं तेच पोरगं हा शब्द तारीख, वार आणि साक्षीदार आजीसकट ध्यानात ठेवतं.

"बघू" म्हणून सुटता येईल, या भ्रमात राहू नये. मोठ्यांच्या भाषेत "बघू" म्हणजे नाही आणि पोरांच्या भाषेत "बघू" म्हणजे हो. माझं म्हणणं असं, की शब्द द्यायचाच तर मापासकट द्यावा. तीन बाय चार फूट, एक दरवाजा, तळं नाही. कारंजं तर उच्चारूच नये. कारंज्याला सलाईनची नळी लागते, तिच्या तोंडाला रिकाम्या रिफिलचा तुकडा लागतो आणि किल्ल्यापेक्षा दोन-तीन फूट उंच बादली लागते, कारण बादलीतल्या पाण्याच्या पातळीवर कारंजं कधीच उडत नाही. पाहुणे आले की ती बादली रिकामी असते. तळं मातीतच खणलं तर माती पाणी पिऊन टाकते. आइस्क्रीमचा डबा काठापर्यंत पुरावा आणि गप्प बसावं.

किल्ला कोणता, यावरही आधीच तह करावा. राजगड ऐकायला छान, पण त्याच्या तीन माच्या तीन दिशांना पाय पसरतात आणि गॅलरीत चपलांनासुद्धा जागा उरत नाही. सिंधुदुर्गाला समुद्र लागतो, आणि तो खालच्या मजल्यावर उतरतो. त्यात जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून पोरांची मागणी वाढली आहे. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे आणि तीन टेकड्यांवर आहे. तीन टेकड्या म्हणजे तिप्पट माती, हा हिशेब होकार देण्याआधी करावा.

शहरात माती हीच मोठी अडचण. नर्सरीतून लाल मातीचं पोतं आणावं लागतं, आणि ते जिन्यावरून चढवताना जूनमधलं ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं. सांगाड्याला विटा आणि दगडच घ्यावेत. खोक्यांवर उभारलेला गड तिसऱ्या दिवशी ओल धरतो आणि बालेकिल्ला हळूच खाली बसतो. विटांवर गोणपाट टाकायचं, पण आधी ते मातीच्या काल्यात बुडवून. काला धिरड्याच्या पिठाइतका दाट हवा. ओल्या गोणपाटाला ज्या चुण्या पडतात त्याच कडे आणि दऱ्या. तिथे कलाकुसर करायला जाऊ नये. वर मातीचा थर बोटभरच. जाड थर वरून आधी सुकतो, आकसतो आणि भेगा पडतात. चार भाग मातीला एक भाग चाळलेली वाळू घातली आणि दुपारच्या उन्हात वर ओलं फडकं टाकलं, तर गड तग धरतो.

हिरवळीसाठी हळीव. ते आजीच्या लाडवांच्या डब्यातून येतात, बहुधा न विचारता. वसुबारसेला हिरवं दिसायला हवं असेल तर आठवडाभर आधी पेरावेत. बहुतेक जण ते भिजवून पेरतात आणि फसतात. भिजले की ते बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतात, मग एका बुरुजावर घनदाट जंगल आणि बाकी गडाला टक्कल. कोरडेच ओल्या मातीवर भुरभुरावेत आणि पाणी हाताने शिंपडावं.

मावळे आधी आणावेत आणि दरवाजा मग करावा. हे कुणीही करत नाही. म्हणूनच दरवर्षी मावळे दरवाजापेक्षा उंच असतात आणि गवळणीचं डोकं बुरुजाला लागतं. पोराने तटावर डायनोसोर उभा केला तर करू द्यावा. गडाला पहारा लागतोच.

खरा घोळ दुसऱ्या तासाला होतो. पहिला तास पोरगं माती तुडवतं, कोपरापर्यंत माखतं. मग बापाचे हात शिवशिवतात. त्याला गोमुखी दरवाजा हवा असतो: दोन बुरुजांच्या कवेत लपलेला, अलीकडे वळणाची वाट, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक मारता येत नाही. पोरगं म्हणतं, "बाबा, मला पण लिंपू दे ना." बाप म्हणतो, "थांब, आधी पाणी आण." तिसऱ्या तासाला गडावर बाप असतो आणि पोरगं पाणक्या. जूनच्या वाक्यात "आपण" असं होतं, एवढं पोराने ध्यानात ठेवलेलं असतं. गडाची एक बाजू पोराच्या नावावर करून टाकावी, आणि ती ढासळली तरी तिथे हात घालू नये. हे विटा वाहण्यापेक्षा जड जातं.

राहता राहिलं आवरणं. गोणपाटात हळिवाची मुळं घुसलेली, माती सुकून दगड झालेली, कुंड्या आधीच भरलेल्या. "भाऊबीज होऊ दे, मी सगळं काढतो," असं बाप आईला सांगतो. डिसेंबरात गडावर हळिवाच्या वाळक्या काड्या आणि एक डायनोसोर शिल्लक असतो. तो शब्द कोणत्या तारखेला, कोणत्या वारी दिला, हे मात्र पोरगं आईला बिनचूक सांगू शकतं.