कौटुंबिक नाटक, सहकुटुंब

नाटक कौटुंबिक असेल तर कुटुंबाला घरी ठेवून जावं, असं माझं ठाम मत आहे. घरात ते मांडायची सोय नाही, एवढंच.

रविवारी ठाण्यात गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग होता. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे आमचा पहिला अंक कापूरबावडीच्या सिग्नललाच उरकतो. रिक्षात मी मधे. डावीकडून आई, "तरी म्हणत होते, लवकर निघू." उजवीकडे बायको मेट्रोचे खांब न्याहाळतेय. संवाद एवढाच, पण मधल्या नटाला घाम फुटतो. नौपाड्याची मावशी मात्र चालत येऊन आमच्याआधी तलावपाळीला हजर.

तिकिटं सलग मिळाली नव्हती. दोन पुढे, दोन पार मागे. मी कुणाशेजारी बसायचं? मावशीनं परस्पर निकाल दिला, "तू आईजवळ बस, तिला कमी ऐकू येतं." मागे बसलेल्या बायकोचा चेहरा दिसत नव्हता, पण मानेला जाणवत होता.

नाटकात वाडा विकण्यावरून दोन भावांची जुंपलेली. (वाडा पाहिजेच. टू बीएचकेत असलं नाटक उभंच राहणार नाही. तिथे थोरली सून दाराआडून गुपित ऐकते आणि तिच्या हातातला ट्रे पडतो. आमच्याकडे दार लावलं तरी वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सगळं ऐकू येतं.) शिवाय रंगमंचावर एकाचं वाक्य पुरं होईस्तोवर बाकीचे पाच जण थांबतात! इतका शिस्तीतला तंटा मी कुठल्याच मराठी घरात पाहिलेला नाही. आमच्याकडे वाक्य 'मुद्दा तो नाहीये'पर्यंतच पोचतं. मुद्दा कोणता, हे लग्नापासून गुलदस्त्यात आहे. 'मी हे घर सोडून चालले' म्हणत धाकटी ताडकन विंगेत गेली, तेव्हा तर मला तिचा हेवा वाटला. आमच्याकडे आधी लिफ्ट यावी लागते. ती येईपर्यंत शेजारच्या काकू "बाजारात का?" विचारतात आणि घर सोडलेलं माणूस कोथिंबीर घेऊन परततं.

मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, आईला गडकऱ्यांची सिंधू आठवली. मी घाईघाईनं विषय वळवला : राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि 'एकच प्याला' पुढच्याच महिन्यात रंगमंचावर आलं, वगैरे. माहिती फुकट गेली.

"नवरा दारूत बुडाला, पण सिंधूनं कधी उलट शब्द काढला नाही," आई म्हणाली.

"म्हणूनच शेवटी मरते ना ती, आई," बायको म्हणाली आणि तिनं सासूच्या वड्यावर चटणी घातली.

दुसऱ्या अंकात नवलच झालं. आई सरळ सुनेच्या बाजूनं गेली (ती नटी तिच्या संध्याकाळच्या मालिकेत आहे), आणि म्हाताऱ्या सासूसाठी डोळे पुसत होती माझी बायको. शेवटी वाडा वाचला, भाऊ गळ्यात पडले, टाळ्या झाल्या.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "येतेच मी दोन दिवस तुमच्याकडे."

माणसं चार, रिक्षात जागा तिघांची. दोन रिक्षा केल्या. एकीत आई चढली, दुसरीत बायको.

"तू बस आधी," पदर खोचत मावशी म्हणाली, "मग मी ठरवते."

दोन्ही रिक्षावाल्यांनी मीटर टाकलं.