टेक्निकल रिपोर्ट म्हणजे जर्नलने नाकारलेला पेपर?

पीएच.डी.वाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरतोय: ‘टेक्निकल रिपोर्ट म्हणजे जर्नलने न घेतलेला पेपर. तपासणी नाही, प्रकाशन नाही. संदर्भसूचीत देऊ नका. लागलाच तर नेटवर असतो.’ ग्रंथालयात बसणाऱ्याला हे ऐकवत नाही.

‘न घेतलेला पेपर.’ रिपोर्ट जर्नलसाठी लिहिलेलाच नसतो. पैसा देणाऱ्याला काम कुठवर आलं हे कळवण्यासाठी तो असतो, म्हणून पेपरात न मावणारे तक्ते आणि फसलेल्या चाचण्याही त्यात सापडतात. आम्ही तो ओळखतो पहिल्या पानावरून: संस्था, रिपोर्ट क्रमांक, बहुधा कंत्राटाचा क्रमांक आणि प्रती कुणाला द्यायच्या याची नोंद. तो ‘ग्रे लिटरेचर’मध्ये मोडतो. लक्झेंबर्गच्या १९९७च्या परिषदेतली व्याख्या एवढंच पाहते की मजकूर व्यावसायिक प्रकाशकाच्या ताब्यात आहे की नाही. दर्जाबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

‘तपासणी नाही.’ जर्नलसारखे बाहेरचे परीक्षक बहुधा नसतात, हे मान्य. पण अनेक संस्थांत आतल्या आत छाननी होते. अमेरिकेच्या ‘नाका’ या विमानसंशोधन संस्थेत ती चांगलीच कडक होती. तिच्या १९३३च्या ४६० क्रमांकाच्या रिपोर्टात ७८ पंखछेदांच्या, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणाऱ्या आकारांच्या, चाचण्या आहेत. त्याच चार आकडी मालिकेतला २४१२ हा छेद सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पंखात आहे. तो रिपोर्ट संदर्भात द्यायचा नाही?

‘प्रकाशन नाही’ म्हणणाऱ्यांनी एडव्हॅक संगणकाचं प्रकरण पाहावं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा त्यावरचा रिपोर्ट ३० जून १९४५चा. मसुदा अर्धवट, संदर्भांच्या जागा कोऱ्या, लेखक म्हणून त्यांचं एकट्याचंच नाव. प्रकल्पावरचे लष्करी अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्याच्या प्रती वाटल्या. यंत्रावर आधीपासून काम करणाऱ्या एकर्ट आणि मॉकली यांना त्यातल्या कल्पनांचं पेटंट हवं होतं. १९४७मध्ये लष्कराच्या वकिलांनी निर्वाळा दिला: प्रती वाटल्या म्हणजे प्रकाशन झालं, त्यानंतर अर्ज करायची वर्षाची मुदतही उलटून गेली, आता पेटंट नाही. छापखान्याचं तोंड न पाहिलेल्या कागदांनी दोघांचा हक्क घालवला. (माझ्या मते अन्यायच झाला, पण तो वेगळा विषय.)

‘नेटवर असतो.’ मार्च २०१३मध्ये नासाने आपलं रिपोर्टांचं संकेतस्थळ सुरक्षेच्या कारणावरून अचानक बंद केलं; पुढे ते टप्प्याटप्प्याने उघडलं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे बरेच रिपोर्ट आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ‘इनिस’ संग्रहात मिळतात. मात्र शोधताना रिपोर्ट क्रमांक टाका. नुसत्या शीर्षकाने शोधलं तर त्याच लेखकांचा त्याच विषयावरचा पेपर समोर येतो आणि तक्ते रिपोर्टातच राहतात.