‘क्लिपा लावा आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डॉ. श्रीराम लागूंच्या स्मृतिदिनाला, १७ डिसेंबरला, इंदूरच्या मराठी मंडळांनी त्यांचा एक अख्खा सिनेमा, शक्यतो ‘सामना’, नीट दाखवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: लोक प्रेमापोटी येतात, त्यांना तांत्रिक चिकित्सेशी काय करायचंय? यूट्यूबवरच्या क्लिपा अर्धा तास लावा, ‘सिंहासन’मधला त्यांचा मुख्यमंत्री दाखवा, नाहीतर ‘नटसम्राट’ सिनेमा लावा. काळापांढरा ‘सामना’ आज कोण बघणार?

‘सिंहासन’मध्ये (१९७९) मुख्यमंत्री अरुण सरनाईक आहेत. लागू आहेत अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले. ‘नटसम्राट’ लागूंनी १९७० साली रंगमंचावर उभं केलं. २०१६चा सिनेमा नाना पाटेकरांचा. नुसत्या क्लिपांवर आठवणी पोसल्या की असंच होतं.

‘सामना’चा हट्ट का? त्यातले लागूंचे मास्तर एकच प्रश्न धरून बसतात: मारुती कांबळेचं काय झालं? आधी ती दारुड्याची बडबड वाटते. पुढे त्याच शब्दांनी निळू फुल्यांचा हिंदुराव, म्हणजे गावचा सत्ताधीश, बेचैन होतो. शब्द तेच, वजन वेगळं, आणि ते वजन मधल्या सगळ्या प्रसंगांतून साठत आलेलं असतं. क्लिपेत फक्त डायलॉग उरतो. ‘पिंजरा’चंही (१९७२) तसंच; गावातले ताठ गुरुजी पाहिलेच नाहीत तर फडावरचे गुरुजी बघून पोटात कालवाकालव कशी होणार?

आता चिकित्सेबद्दल. जुन्या सिनेमांच्या बऱ्याच प्रती ४:३ मापाच्या (रुंदी चार तर उंची तीन) मिळतात, आणि आजचा पडदा बहुधा १६:९चा, म्हणजे जास्त रुंद असतो. प्रोजेक्टर ‘फुल’वर ठेवला तर चेहरा रुंदीत एक तृतीयांशाने फुगतो. ‘झूम’वर ठेवला तर वरखालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो, क्लोजअपमध्ये कपाळ गायब. मेन्यूत ४:३ निवडा. १२ फूट रुंद पडद्यावर चित्र ९ फुटांचं येईल आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट काळं राहील. ते राहू द्या. ‘पडदा पूर्ण भरत नाही’ अशी कुरकूर होणारच, तिकडे लक्ष देऊ नका.

याहून मोठी गोची वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण टीव्हीसाठी केलेल्या पुष्कळ प्रती २५ने धावतात. दोन तासांचा खेळ पाचेक मिनिटं आधी संपतो, तेवढं कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज मात्र हार्मोनियमच्या सुमारे पाऊण पट्टीने चढतो, लागूंचा खर्ज पातळ होतो आणि ते थांबायचे त्या जागाही आखडतात. प्रत तपासायची तर सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. तिला २७.४ने भागा, मिनिटं मिळतील. ३३०० मीटर म्हणजे सुमारे १२० मिनिटं. फाइल २५ फ्रेमची असेल आणि काही कापाकापी न होता चार टक्के कमी भरत असेल, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. ऑडिओच्या सेटिंगमधलं ‘टाइम स्ट्रेचिंग’ही बंद करा, नाहीतर वेग उतरेल पण पट्टी चढलेलीच राहील.

मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे, म्हणून साउंडवाल्याला एको आणि सराउंड बंद करायला सांगा आणि बास उतरवा. खरखर घालवायला ट्रेबल फार उतरवला की स, श, च ऐकू येत नाहीत. थोडी खरखर परवडली. चाचणी रिकाम्या सभागृहात होते. माणसं भरली की आवाज शोषला जातो, तेव्हा थोडा वाढवावा लागतो.

यूट्यूबच्या अटींत जाहीर खेळ बसत नाही. ‘पिंजरा’चा कॉपीराइट २०३२ अखेरपर्यंत आहे. प्रवेश फुकट ठेवला किंवा डीव्हीडी विकत घेतली म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. हक्क कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्या. पत्रव्यवहाराला वेळ जातो, दिवाळीपर्यंत थांबू नका.

सभागृह तासभरच मिळणार असेल तर क्लिपांना माझी ना नाही, पण मग एकच प्रसंग सलग सात-आठ मिनिटं दाखवा, वर निवेदन नको. आणि भाषणं सिनेमा झाल्यावर. आधी ठेवली तर नऊच्या सुमारास राजेंद्रनगरकडची निम्मी मंडळी उठून जातात आणि मास्तर रिकाम्या खुर्च्यांना प्रश्न विचारत बसतात.